हाडाला टेकलेली प्लेट

१

कपाट उघडलं तेव्हा ट्रे जागेवर होता, ट्रेमधलं निळं कापडही जागेवर होतं. कापडावर ठेवलेले तुकडे मात्र नव्हते.

मामांनी आधी दोष दिला तो चष्म्याला. चष्मा नवाकोरा होता, पण आठवडाभरातच त्याची एक काडी मोडली होती आणि सध्या ती चिकटपट्टीच्या जोरावर कशीबशी कानावर टेकली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तुकडे तरीही दिसेनात.

"खालच्या कप्प्यात असतील," ते भाचीला म्हणाले. वस्तू हरवलेली नसते, आपल्यालाच ती दिसत नसते, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

भाचीने खालचा कप्पा ओढला. तिथे जुन्या प्लेटचे तुकडे ओळीने, शहाण्या मुलांसारखे पडून होते. नव्या प्लेटचा एकही तुकडा नव्हता.

भाचीची ही प्रयोगशाळा हाडं मोडण्यासाठी होती. माणसाचा घोटा मोडला की बाहेरच्या बाजूचं बारीक हाड धातूची प्लेट आणि स्क्रू लावून सांधतात. शेजारच्या इस्पितळात त्यासाठी वर्षानुवर्षं एक पातळ, साधी प्लेट वापरत. आता एक नवी, जाडसर प्लेट आली होती. दोघींत टिकाऊ कोण, हे ठरवायचं होतं. म्हणून कृत्रिम हाडं करवतीने कापली, अर्ध्या हाडांवर जुनी प्लेट बसवली, अर्ध्यांवर नवी, आणि ती एकेक करून यंत्रात घातली. यंत्र त्या हाडावर चालत्या माणसाच्या पावलाइतका भार टाकत राही, काहीतरी मोडेपर्यंत.

नवी प्लेट सहज जिंकणार, यात कोणाला शंका नव्हती. आणि मोडली ती नवीच. एक नाही, सगळ्या, जुन्यांच्या कितीतरी आधी आणि सगळ्या जवळजवळ एकाच जागी.

मामांनी उभा जन्म कॉलेजात धातू शिकवले होते. मोडलेल्या धातूचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की तो एका दणक्यात मोडला की हळूहळू थकून, तडा कुठून निघाला, हे ते सांगू शकत. निदान पूर्वी सांगत असत. आता सांगता येईल की नाही, या काळजीने रात्री त्यांना झोप लागली नव्हती. भाचीने त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. पण त्यांच्या आधी कोणीतरी येऊन गेलं होतं.

संचालकबाई आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. इस्पितळाने कोणती प्लेट घ्यायची हे ठरवायला शनिवारी निवड समिती बसणार होती. तोवर तुकडे मिळाले नाहीत तर चाचणी रद्द होईल आणि भाचीला प्रयोगशाळा सोडावी लागेल, असं त्या म्हणाल्या. "चोर कोण हे मला माहीत नाही. पण कपाट कोणाच्या ताब्यात आहे, ते माहीत आहे."

त्या गेल्यावर भाचीने रिकामा ट्रे परत कपाटात सरकवला.

"मामा, तूच शोध."

"मी?"

"एवढ्या रहस्यकथा वाचतोस ना?"

"अगं, पुस्तकाला शेवटचं पान असतं," मामा म्हणाले. "इथे ते कोणी छापलंय?"

२

भाचीला घरात चिमणी म्हणत. धरण्या-मोडण्याच्या त्या अजस्र यंत्रापुढे ती उभी राहिली की हे नाव कोणी ठेवलं असेल, असा प्रश्न पडे. नाव मामांनीच ठेवलं होतं, आणि तेवढ्याच हक्काने त्यांनी तिलाच आधी प्रश्न विचारायचे ठरवले. विचारताना मात्र त्यांचे कान लाल झाले.

"तुझ्याकडून काही... म्हणजे भार जास्त पडला, यंत्र चुकलं, आणि ते लपवायला..."

"मीच तुकडे लपवले आणि मग ते तपासायला तुलाच बोलावलं?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. पण विचारलंस ते बरं केलंस. नाहीतर म्हणतील, मामाने भाचीला झुकतं माप दिलं."

तिने यंत्राची तपासणी करून दाखवली. ज्ञात वजन टाकलं आणि काटा तेवढाच सरकला. मग तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. कपाटाची किल्ली यंत्रामागच्या खिळ्याला टांगलेली असे, आणि ते तिघांनाच माहीत होतं. एक ती स्वतः. दुसरा, नवी प्लेट ज्याने आखली तो तरुण इंजिनिअर. लांबलचक पायांमुळे सगळे त्याला कर्कटक म्हणत. तिसरे, इस्पितळातले मोठे डॉक्टर, ज्यांनी हाडांवर प्लेटा बसवल्या. काल संध्याकाळी हे तिघेच इमारतीत होते.

"प्लेटा बसवताना तू होतीस?"

"छे. पक्षपात नको म्हणून नियमच केला होता. डॉक्टर बंद खोलीत बसवणार. तिथे मीही नाही आणि कर्कटक तर नाहीच. नवी प्लेट म्हणजे त्याची लेकच. हाडं माझ्याकडे येत ती दोन्ही टोकं सिमेंटच्या पेल्यात रोवूनच."

"मग मोडल्यावर?"

"स्क्रू काढले, तुकडे या ट्रेत आणि हाडं त्या पेटीत. हाडं आहेत की अजून. ती कोण कशाला नेईल?"

मामांनी पेटीकडे नुसतं पाहिलं. प्लास्टिकची पिवळी हाडं, त्यांत स्क्रूंची भोकं. खरंच, कोण कशाला नेईल.

३

कर्कटक खुर्चीवर बसला की त्याचे गुडघे टेबलाच्या वर येत. तो बोलायला उतावीळ होता आणि मामा ऐकायला बुजरे, त्यामुळे मुलाखत छान जमली.

त्याचं म्हणणं असं की कोणीतरी त्याच्या प्लेटांचा घात केला. कोणी, ते तो सांगेना, पण डोळे सारखे यंत्राच्या खोलीकडे वळत. लोक काय म्हणणार तेही त्याला माहीत होतं: याचंच गणित चुकलं, म्हणून यानेच पुरावा गिळला.

"पण मामा, सूक्ष्मदर्शकाखाली घाला म्हणून पहिली ओरड मीच केली. विचारा संचालक मॅडमना."

मामांनी मान हलवली. ते खरं होतं. पण आपल्याला पोहता येतं असं सगळ्यांना सांगत सुटलेला माणूसच पाण्याला भीत असतो, हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विषय बदलला. नव्या प्लेटचं वैशिष्ट्य काय, असं विचारलं.

मुलाचा चेहराच बदलला. लेकीचं कौतुक विचारल्यावर बापाचा बदलतो तसा. त्याने खिशातून एक प्लेट काढून टेबलावर ठेवली.

"जुनी प्लेट हाडावर दाबून बसते. स्क्रू आवळला की ती हाडाला घट्ट चिकटते आणि त्या दाबावरच सगळं टिकतं. हाड ठिसूळ असलं, म्हाताऱ्या माणसाचं, की स्क्रू भुगा करून सुटतो. माझ्या प्लेटच्या भोकांना आतून आटे आहेत. स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच रुतून बसतं. त्यामुळे प्लेटने हाडाला टेकायची गरजच नाही. नदीवर पूल उभा असतो ना, तशी ती हाडावर उभी राहते. मधून कागद सरकेल."

"आणि हाडाचं वळण?"

"ते कारखान्यातूनच देऊन येतं. आहे तशी ठेवायची आणि स्क्रू फिरवायचे. सोपं काम."

मामांनी प्लेट हातात घेऊन फिरवली. गुळगुळीत, सुबक, कुठे ओरखडा नाही. ती परत ठेवताना त्यांना उगाच वाटलं, की काहीतरी आपल्या समोरून गेलं आणि आपण त्याला नमस्कार करायचा विसरलो.

४

मोठ्या डॉक्टरांकडे जायला मामांचे पाय आढेवेढे घेत होते. त्यातला डावा पाय डॉक्टरांचाच होता, म्हणायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी मामा वाचनालयाच्या पायऱ्यांवरून पडले होते; उतरताना वाचत होते. घोट्याचा चुरा झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी काठीची सवय करा म्हणून सांगितलं. या डॉक्टरांनी जुनी पातळ प्लेट घेतली, मामांच्या वाकड्यातिकड्या हाडाबरहुकूम पकडीने वाकवली, आणि अशी बसवली की मामा पुन्हा पायऱ्या उतरू लागले. हाड जुळल्यावर प्लेट काढली तेव्हा डॉक्टरांनी ती त्यांना भेट दिली. मामा ती पुस्तकात खूण म्हणून ठेवत.

"या मामा. आधी पाय," डॉक्टर म्हणाले, आणि चहा यायच्या आत त्यांनी मामांचा मोजा उतरवून घोट्यावर अंगठा फिरवलाही. "कशी आहे माझी कारागिरी?"

"तुमच्यामुळेच चालतोय."

"चालताय ते ठीक, पण चालताना वाचू नका."

त्यांच्याशी बोलणं सोपं होतं, आणि म्हणूनच कठीण. चोरीचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. काल संध्याकाळी आपण हातमोजे न्यायला प्रयोगशाळेत डोकावलो होतो, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. कोणती प्लेट जिंकते याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. उलट नव्या प्लेटची भलामण त्यांनीच केली होती आणि खास परवानगी काढून पाच रुग्णांना ती बसवलीही होती.

"बसवायला कशी आहे?" मामांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"हट्टी आहे हो. जुनी म्हणजे नांदलेली बाई, मनातलं ओळखायची. ही नवी सून. मनगट भरून आलं माझं." डॉक्टर मनगट चोळत हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि मामा, ते तुकडे मिळाले तरी काय कळणार आहे? मोडलं ते मोडलं. त्या मुलीला उगाच छळताहेत. मी संचालकबाईंशी बोलेन, दुसरीकडे तिची सोय करून देईन."

मामा जिना उतरले. हे त्यांना दिलासा देणारं बोलणं होतं. मग दिलासा का वाटत नव्हता?

५

घरी अक्का, म्हणजे मामांची थोरली बहीण आणि चिमणीची आई, वाट बघत बसली होती. लेकीची नोकरी जायची वेळ आलेली, तरी तिने आधी भावाचा चष्मा धरला.

"दुकानात जाऊन आले मी. काडी बदलून देणार नाही म्हणतो. म्हणतो, या फ्रेमची काडी वाकवायची नसते, सांगून दिली होती."

"मी कुठे वाकवली?"

"अरे, रोज सकाळी वाकवतोस. जुना तारेचा चष्मा होता तेव्हापासून. घातला, की दोन बोटं काडीवर, की दिला कानामागे दाब. जित्याची खोड. नवा आणला त्या दिवशी मी म्हटलं, नको वाकवू, तर मला म्हणालास, नाही वाकवत. आणि म्हणता म्हणता वाकवलीस."

मामा वाद घालणार होते. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. हाताने केलं होतं, डोक्याला न सांगता.

जेवल्यावर त्यांनी वाचायला घेतलेलं पुस्तक उघडलं, आणि खुणेची प्लेट हातात आली. ती त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. आज दिव्याखाली तिरकी धरली. जिथे ती वाकवली होती तिथे दोन्ही कडांना बारीक चावे होते, पकडीच्या दातांचे.

सकाळी ते भाचीच्या आधी प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते.

"हाडं काढ," ते म्हणाले. "सगळी."

पिवळी हाडं टेबलावर मांडली. मामांनी भिंग लावलं. जुन्या प्लेटच्या हाडांवर स्क्रूंच्या भोकांच्या मधून एक घासलेली, चकचकीत रेघ होती. प्लेट दाबून बसली होती आणि यंत्राच्या हिसक्यांनी तिथे घासत राहिली होती. तसंच असायला हवं. मग त्यांनी नव्या प्लेटची हाडं घेतली.

भाची त्यांच्या खांद्यावरून बघत होती. "ही पण तशीच आहेत," ती म्हणाली. आणि मग, हळूच, "पण ही तशी असायलाच नकोत."

"नकोत ना? मधून कागद सरकायला हवा."

"म्हणजे प्लेट हाडाला टेकेपर्यंत कोणीतरी वाकवली. वाकवली की भोकातले आटे दुखावतात, धातूला तिथेच चावा बसतो. तडा तिथूनच निघणार. मामा, म्हणून सगळ्या एकाच जागी मोडल्या."

"आणि तुकड्यांवर पकडीचे दात दिसले असते. म्हणून तुकडे गेले."

"मग चोराने हाडं का ठेवली? ही रेघ बघून मला कळलं, कर्कटकला तर लांबूनच कळलं असतं."

मामांनी मोडकी काडी सावरली. आयुष्यात क्वचितच त्यांना एखाद्या गोष्टीची खात्री वाटली होती, आणि वाटली ती नेमकी आज, नको असताना.

"तेच तर. तुम्हा दोघांपैकी कोणी असतं तर हाडंही नेली असती. ज्याने ठेवली, त्याच्या डोळ्याला ही रेघ खूण म्हणून दिसलीच नाही. प्लेट हाडाला चिकटून बसणं, हे ज्याला जन्मभर बरोबरच वाटत आलंय, असा माणूस."

६

मामा इस्पितळाच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. समोरून एक बाई कुबड्यांवर गेली. आपण सुतावरून स्वर्ग गाठतोय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. मग दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकून उठले. डावा अजिबात दुखला नाही. तो दुखला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर स्वतःची जुनी प्लेट ठेवली आणि शेजारी एक पिवळं हाड. रेघ वरच्या बाजूला.

डॉक्टरांनी आधी प्लेट पाहिली. ओळखीचं हसू आलं. मग हाड पाहिलं, आणि ते काय आहे ते कळायला त्यांना खरोखरच वेळ लागला. मामा ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना बघत होते, बघवत नव्हतं.

"हे राहूनच गेलं," डॉक्टर म्हणाले. "हे मला दिसलंच नाही."

"नसतंच दिसलं तुम्हाला."

"वाकवल्याचं आठवत नाही हो मामा. शपथेवर सांगतो. वाकवायची नाही, हे इतरांना शिकवणारा मी. शेवटची प्लेट मोडल्याचं कळलं आणि घरी मनगट शेकत बसलो होतो. मनात आलं, जी प्लेट नुसती ठेवायची, तिने मनगट कसं दुखेल? तेव्हा लक्षात आलं."

त्यांनी खणातून एक पत्र्याची डबी काढली. तुकडे कापसात ठेवले होते. फेकून देववले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता आलं असतं.

"मग सांगितलं का नाहीत? हाताची चूक. कोणीही समजून घेतलं असतं."

डॉक्टर खिडकीशी गेले. खिडकीखालच्या रस्त्यावरून माणसं चालली होती, आणि ते त्यांच्या पायांकडे बघत होते. तेव्हा मामांना उरलेलं कळलं.

"ते पाच जण," मामा म्हणाले.

"त्यांच्याही वाकवल्या असणार. दुसरं काय केलं असेल या हातांनी? म्हटलं, शनिवार जाऊ दे. मग तपासणीच्या निमित्ताने एकेकाला बोलावतो. गाजावाजा नको. लोकांचा शस्त्रक्रियेवरचा विश्वास उडतो मामा."

"आणि ते येईपर्यंत चालत राहणार. त्या भरवशावर."

डॉक्टरांनी डबीचं झाकण लावलं.

"चिमणीची तुम्ही सोय करणार होता. नोकरी दिली असती कुठेतरी, खरं आहे. पण तिच्या नावाला जे लागलं असतं, ते कुठल्या पकडीने सरळ केलं असतं?"

आपण इतकं बोललो याचं मामांनाच आश्चर्य वाटलं. त्यांनी टेबलावरची आपली प्लेट उचलली, पण खिशात घालवेना.

"डॉक्टर, मी या पायावर चालत इथवर आलो. तो तुम्ही वाकवलेल्या प्लेटने सांधलाय. त्याचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून मी संचालकबाईंकडे गेलो नाही. आधी तुमच्याकडे आलो. शनिवारी तुम्हीच बोला."

७

शनिवारी समितीपुढे डॉक्टर उभे राहिले. डबी उघडून ठेवली, हाड ठेवलं, आणि सगळं सांगितलं. किल्ली, कापूस, मनगट, काही गाळलं नाही. पाचही रुग्णांना त्यांनी आदल्याच दिवशी स्वतः फोन केले होते, मामांना शेजारी बसवून. तपासणीत चौघांच्या प्लेटा धड निघाल्या, नजरेखाली ठेवायच्या होत्या. पाचवी एक शाळेतली बाई. फोनवर म्हणाली, मस्त चालतेय. तिच्या प्लेटला क्ष-किरण चित्रात केसाएवढा तडा दिसला. ती वेळेवर बदलता आली.

डॉक्टरांनी विभागप्रमुखपद सोडलं. संचालकबाई भाचीच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर चुकलं म्हणाल्या; पहिल्या दिवसासारख्याच हळू आवाजात. कर्कटकने आनंदाच्या भरात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं. आणि नियम बदलला: यापुढे प्लेटा बसवताना पक्षपात झाला तर होवो, दार उघडं ठेवायचं.

चाचणी नव्याने लागली. प्लेटा कोणी बसवायच्या, यावर चर्चा झाली. "डॉक्टरांनीच," भाची म्हणाली. "ज्या हातांची चूक कळली आहे, तेच हात मला हवेत."

त्या सकाळी डॉक्टरांनी पकड तिच्या हातात दिली आणि मगच खोलीत पाऊल टाकलं. मामा कोपऱ्यात स्टुलावर होते. अक्काने आणून दिलेला नवा चष्मा नाकावर किंचित तिरका बसला होता, आणि मामांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

डॉक्टरांनी नवी प्लेट हाडावर ठेवली. पहिला स्क्रू फिरवला, मग दुसरा. मग ते थांबले. अंगठा आपोआप प्लेटच्या टोकावर गेला, दाब द्यायला. भाची दारात पकड घट्ट धरून उभी होती.

अंगठा तसाच राहिला. मग उचलला गेला.

डॉक्टर वाकले, प्लेट आणि हाड यांच्या मधल्या फटीतून त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"मामा," ते म्हणाले, "इथून उजेड दिसतोय हो."

"दिसू द्या," मामा म्हणाले.